तोल

आमच्या चर्चच्या छताला एक जहाज टांगलेलं आहे,
हातभर लांब, शिडांसकट, काळ्या दोऱ्यांचं.
फार पूर्वी कुणी खलाशी वादळातून वाचला,
त्यानं ते वाहिलं.
दार उघडलं की वारा आत शिरतो
आणि ते हळूच वळतं, समुद्राकडे, पुन्हा वेदीकडे.
त्या हिवाळ्यात मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.
माझाच जीव टांगणीला लागलेला.

आस्लाक बारेंट्स समुद्रावर गेला होता.
सूर्य नोव्हेंबरातच बुडालेला;
आमच्या उत्तरेकडे तो जानेवारी सरता सरता उगवतो.
तोवर रात्रीला काठच नसतो.
मी खिडकीत दिवा लावून बसायचे.
कॉफी गार, मांडीवर पोराचा मोजा,
एकच ओळ विणलेली आणि उसवलेली.

सगळे बोलले. वाईट कुणीच बोललं नाही.
पाळक म्हणाले, विश्वास ठेव, गुन्वोर.
बहीण फोनवर म्हणाली,
एवढा घोर लावून घेणं म्हणजे देवावर अविश्वासच की.
डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या.
मी प्रत्येकापुढे मान हलवली
आणि प्रत्येकाचा शब्द खिशात घालून घरी आणला,
किनाऱ्यावरचे गोटे आणावेत तसा.
कोट जड झाला नुसता.

औडुननं चाळीस वर्षं धक्क्यावर कॉड मासा तोलला.
मालक डोळे वटारोत की कोळी गयावया करोत,
त्यानं पारड्याला कधी अंगठा टेकवला नाही.
बोलण्याचंही तसंच. शब्द मोजून,
आणि मोजताना हात आखडताच.

नाताळ दहा दिवसांवर. उपासना सुटली.
पायऱ्यांवर काचेसारखा बर्फ.
मी बुटांना खिळ्यांचे पट्टे चढवत होते,
बोटं ऐकेनात.
तो खाली बसला, गुडघा कटकन वाजला,
माझा पाय हातात घेतला
आणि पट्टा आवळत, वर न बघता म्हणाला,
"तुझा दिवा माझ्या खिडकीतून दिसतो.
माग्नहिल्ड गेल्यापासून मलाही झोप नाही.
दिवा दिसला की मी तुझं नाव घेतो, त्याच्यापाशी.
पोराचंही.
जास्त काही मागता येत नाही मला.
नावंच घेतो."

मग दुसरा पाय.
"घट्ट झाला का?"

मी नाही म्हणाले, आणि तिथंच, सगळ्यांसमोर,
नाकातून पाणी येईस्तोवर रडले.

घरी जाताना मला ती होडी आठवत राहिली,
पाण्यानं भरत चाललेली, आणि तो मागे उशीवर झोपलेला.
घाबरून त्यांनी त्याला हलवलं, जवळजवळ भांडलेच.
त्यानं आधी वाऱ्याला दटावलं.
त्यांना जे बोलायचं ते नंतर.
हा क्रम मला कुणी प्रवचनात सांगितला नव्हता.

त्या रात्रीही झोप आली नाही.
दिवा लावला.
फिओर्डपलीकडे, गोदामाच्या वर,
एक पिवळा ठिपका होता. रोज असणार तो.
ओझं तेवढंच होतं, गुंजभरही कमी नाही,
पण चाळीस वर्षांत पहिल्यांदा
औडुननं पारड्याला अंगठा टेकवला होता,
माझ्या बाजूनं.

आस्लाकचं विचाराल. आला,
दाढी वाढवून, चिडका, दोन नखं गमावून.
मार्चमध्ये पुन्हा गेला.
घोर काही कुठं गेला नाही,
शेजारी बसायला शिकला, इतकंच.

आता मासळीच्या कारखान्यात एक नवी पोर आलीय,
एरिट्रियाची. तिची आई कुठल्याशा छावणीत,
फोन लागत नाही.
जेवणाच्या सुट्टीत ती डबा उघडते आणि झाकते.
पाळकांचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं.
गिळलं.
हातमोजे काढले,
बाकावर तिच्याजवळ बसले
आणि विचारलं,
तुझ्या आईचं नाव काय, फेवेन?
नीट सांग, मला बिनचूक म्हणता यायला हवं.